जमलं, धन्यवाद

फळ्यावर सगळे तिला वहिनी म्हणतात. फळा म्हणजे इंटरनेटवरची एक जागा. एकाच जुन्या संगणकभाषेवर पोट भरणारे, कुठल्याच कंपनीचे नसलेले, घरी बसून मिळेल ते काम उचलणारे प्रोग्रामर तिथे आपले अडलेले प्रश्न टाकतात आणि बाकीचे उत्तरं देतात. त्या भाषेला ते आपसात म्हातारी म्हणतात. म्हातारी मेली, असं दरवर्षी कोणीतरी शहाणा जाहीर करतो. पण गोदामातला माल, छापखान्याची यंत्रं, बसची तिकिटं अजून तिच्याच जिवावर हलतात. ती अडली की या लोकांचे फोन वाजतात.

आता वहिनी का, तर फळा तिच्या नवऱ्याने सुरू केला होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून फळा ती चालवते. जाहिराती चिकटवणाऱ्यांना हाकलायचं, भांडणं मिटवायची, फळ्याचं मशीन बंद पडलं की उठून चालू करायचं, सगळं तीच करते. म्हातारी तिला नवऱ्यापेक्षा जास्त कळते. तरी नाव मिळालं ते मेलेल्या माणसाची बायको म्हणून. मायेनं म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. मायेला काय लागतंय.

फळ्याचा नियम एकच. प्रश्न सुटला की कसा सुटला ते खाली लिहायचं, म्हणजे पुढच्याला उपयोग होतो. हा नियम कोणी पाळत नाही. माणूस रडत येतो, कारखाना बंद पडलाय, गिऱ्हाईक मानगुटीवर बसलंय, वाचवा. चारजण आपलं काम सोडून डोकं लावतात. दुसऱ्या दिवशी तो लिहितो, ‘जमलं, धन्यवाद.’ आणि गायब. वर्षभराने दुसरा कोणी त्याच खड्ड्यात पडतो, शोधत शोधत इथवर येतो, आणि त्याला सापडतं काय? जमलं, धन्यवाद.

मग वहिनी त्या पहिल्याच्या मागे लागायची. तो नाही सापडला तर तोच बिघाड आपल्या मशीनवर मुद्दाम घडवायची, सोडवायची आणि उत्तर खाली लिहून ठेवायची. ताप असला तरी अंथरुणात बसून. फळ्यावरची कितीतरी उत्तरं अशी आलेली आहेत. ती कुठून आली हे कोणी कधी विचारलं नाही.

तर तिला नोकरी लागली. एका इस्पितळाच्या संगणक विभागात. सकाळी जायचं, संध्याकाळी परत, रविवार आपला. ती दमली होती हो, दुसरं काही कारण नव्हतं. तिथली अट अशी की बाहेरचं काही करायचं नाही, अगदी फुकटचंसुद्धा. म्हणून तिने बऱ्याच आधी फळ्यावर सगळ्यात वर प्रश्न टाकला: ‘मी फळा सोडतेय. पुढे कोण सांभाळणार?’

खाली रांग लागली. बदामाची, हात जोडलेली, डोळे पुसणारी चित्रं. वहिनी, तुमच्यामुळे घर चालतं आमचं. वहिनी, तुमच्याशिवाय फळा ही कल्पनाच करवत नाही. सांभाळतो म्हणून एकानेही लिहिलं नाही. मग दाढीने तोंड घातलं. दाढी म्हणजे तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त, या लोकांतला सर्वांत वजनदार. तो म्हणाला, फळा आतून जुनाट झालाय, आधी तो नव्याने लिहू, तोही म्हातारीतच. झालं. सगळ्यांना तरतरी आली. नवा फळा कसा दिसेल, शोध कसा चालेल, नाव काय ठेवायचं, यावर मारामाऱ्या सुरू झाल्या. या जमातीचा हा खास रोग आहे. यांना गळका नळ दाखवा, हे नव्या घराचा नकाशा काढायला बसतात.

नोकरीआधीच्या शनिवारी ते एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमले. डुगडुगणाऱ्या खुर्च्या, भिंतीला पांढरा बोर्ड. वहिनीने आपला लॅपटॉप उघडून रोजचं काम करून दाखवलं. सकाळचा अर्धा तास, त्यात सगळं येतं. कोणी बघितलं नाही, कारण दाढी बोर्डवर चौकोन काढून त्यांना बाण जोडत होता. तिने दोनदा विचारलं, सोमवारपासून कोण? दुसऱ्यांदा त्याने मागे वळून पाहिलं.

“नवा होईपर्यंत बघा की वहिनी. सकाळी उठल्या उठल्या बसताच तुम्ही.”

“मला नोकरीवर जायचंय.”

“अहो, त्यांना कुठे कळतंय.”

“त्यांना मी शब्द दिलाय.”

दाढीने हातातला बोर्डचा पेन खाली ठेवला. मान हलवत म्हणाला, “आज तो असता ना, तर त्याने असं वाऱ्यावर सोडलं नसतं.”

खोलीत एक खुर्ची कुरकुरली. वहिनी लॅपटॉप मिटत होती.

“तो असता तर त्याने माझ्यावर सोडलं असतं,” ती म्हणाली. “तेच केलं त्याने. तो जिवंत असतानासुद्धा उत्तरं मीच लिहीत होते. नाव तेवढं त्याचं होतं.”

मग एकाने शोधाची खिडकी वर असावी की खाली, हा विषय पुन्हा काढला.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. झाली का तुमची पंचायत, तिने विचारलं. मग लेकीचं तोंड बघून म्हणाली, “कोणी पुढे झालं नाही ना? होणार नव्हतंच. आयतं मिळतंय तोवर कोण हात काळे करतंय. जेव आणि झोप.”

ती जेवली नाही, पण झोपली. रविवारी दुपारी उठून मशीनपुढे बसली. फळ्यावरचे सगळे प्रश्न आणि उत्तरं तिने साध्या पानांत उतरवली आणि एका फुकट जागी ठेवली. ती कोणालाही वाचता येतील, नवीन काही लिहिता येणार नाही, राखणीला माणूसही लागणार नाही. आठवडाभर ती यावर विचार करत होती. प्रत्यक्षात करताना तिला फक्त जांभई आली.

फळ्याचा पत्ता त्या पानांकडे वळवून फळा बंद करण्याआधी ती आपल्या प्रश्नाखाली गेली. पुढे कोण सांभाळणार? खाली न संपणारी रांग, उत्तर एकही नाही. अगदी शेवटी तिने दोन शब्द लिहिले.

जमलं, धन्यवाद.

सोमवारी इस्पितळात तिच्याहून लहान साहेबाने तिला टेबल दाखवलं आणि तिचं पूर्ण नाव विचारून गळ्यातल्या ओळखपत्रावर छापून दिलं. दुपारी बॅगेत फोन गुरगुरला. दाढीचा निरोप होता. फळ्यावर काही लिहिताच येत नाहीये, आमचं काम अडलंय. त्याखाली दुसरा: ‘वहिनी, जमलं म्हणजे? कसं जमलं ते तरी लिहा.’

तिने तो वाचला. केसपेपरच्या खिडकीवरचा प्रिंटर अडकला होता आणि बाहेर माणसं ताटकळत उभी होती. फोन खणात टाकून ती तिकडे गेली.