गुरुवारी ऐकलेल्या पेशी

गुरुवारी वीज जाते म्हणून अख्खं पुणं तिच्या नावानं बोटं मोडतं. सत्यशीला मात्र त्या आठवड्यात गुरुवारची वाट पाहत होती.

प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर काचेची एक बशी होती. बशीत उंदराच्या मेंदूतल्या जिवंत चेतापेशी वाढवलेल्या आणि तळाशी केसाहून बारीक तारा. पेशी एकमेकींशी बोलल्या, की स्पीकरवर टकटक ऐकू यायला हवी. असलं यंत्र परदेशातून मागवायची सोय नव्हती, म्हणून तिनं पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सुटे भाग आणून, सोल्डरचे डाग देऊन ते स्वतः जोडलं होतं. पण स्पीकरवर यायची ती नुसती घूंऽऽ.

"वा! तुमच्या पेशी वीज मंडळात नोकरीला लागल्यात वाटतं," तिचे मार्गदर्शक रंगनाथसर म्हणाले होते. भिंतीतल्या वायरिंगची ती घरघर, हे तिलाही कळत होतं. या महिन्यात पेशी ऐकू आल्या नाहीत तर टेबल दुसऱ्याला द्यायचं, असं सरांनी बजावलं होतं. इकडे धायरीला घरी धाकटा भाऊ प्रज्ञेश मागे लागलेला, "ताई, कॉम्प्युटरमध्ये वाय-टू-केची कामं धो धो येतायत. कोर्स करून टाक ना!"

तिला कोर्स नको होता. त्या एवढ्याशा पेशी काय बोलतात, ते ऐकायचं होतं, बस्स.

गुरुवारी वीज गेली. तिनं यंत्र स्कूटरच्या बॅटरीवर जोडलं. घरघर गेली आणि स्पीकरवर काहीच उरलं नाही. सत्यशीलानं स्पीकरला कान लावला. मग टक. टक-टक. मग एकदम टकटकटक.

"तार सैल असेल," दारातून आत येत सर म्हणाले. पण त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

असेलही, असं तिलाही वाटलं. डिसेंबरचा गारठा होता, बशीखालचा हीटर बंद पडलेला. टकटक विरळ होत होत थांबली. संपलं सगळं, असं म्हणून ती उठणार, तोच तिच्या मनात आलं: सैल तारेला कसली आलीये थंडी?

तिनं धावत जाऊन गॅसवर पाणी तापवलं, रबरी पिशवीत भरलं आणि पिशवी बशीखाली सरकवली. दोघंही श्वास रोखून बसले. बराच वेळ काही नाही.

टक.

टक-टक.

आनंदानं तिचे डोळे भरून आले. "सर, टेबलाचं..."

"टेबल कुठे जातंय?" सरांनी स्पीकरवरून मान वर केली नाही. "आधी ते दार लावा. गार वारं लागतंय त्यांना."