तिसरा पुकारा

कोर्टात सगळे ज्याला भोंगा म्हणत, त्या पुकारा करणाऱ्या शिपायाने घसा खाकरला, पट्टा सारखा केला आणि रिकाम्या व्हरांड्यात एक नाव सोडून दिलं. नाव पार जिन्यापर्यंत गेलं, कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीवर आदळलं आणि तसंच परत आलं. मग त्याने तेच नाव आणखी दोनदा पुकारलं. कायद्याला तीन पुकारे लागतात. ऐकायला समोर माणूस आहे की नाही, याच्याशी कायद्याला देणंघेणं नसतं.

"गैरहजर," त्याने दारातून आत सांगितलं.

वाहतुकीच्या खटल्यांच्या या कोर्टात पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची. हेल्मेट विसरलेला माणूस रजा टाकून यायचा, तारखांमागून तारखा घ्यायचा आणि शेवटी रांगेला कंटाळून गुन्हा कबूल करायचा. आता फोनवर गुन्ह्याचा फोटो येतो आणि खाली दोन बटणं: मान्य, अमान्य. माणसं रस्त्याच्या कडेला उभं राहून, काही तर गाडी चालवता चालवताच, 'मान्य' दाबतात आणि मोकळी होतात. सुधारणा खरोखरच सुधारणा होती, हीच पंचाईत. नावं ठेवायलाही जागा नव्हती.

उरले होते ते फोनच्या आधीचे जुने खटले. त्यांचा आज शेवटचा दिवस. संध्याकाळी सगळं संगणकात जाणार आणि उद्यापासून भोंगा तळघरात, फायलींचे फोटो काढणाऱ्या यंत्रापाशी.

"सुटलास," कारकून म्हणाला. "तिथे ओरडायला नको. यंत्राला ऐकू येत नाही."

"म्हणजे तुमच्यासारखंच."

कारकून हसला. भोंगा हसला नाही. एका खोलीत एकट्याने राहणाऱ्या माणसाचं दिवसभराचं बोलणं या व्हरांड्यातच उरकत असे, आणि तेही परक्यांच्या नावांनी. घरमालक कौतुकाने म्हणत, असा भाडेकरू मिळायचा नाही, वर कोणी राहतं असं वाटतच नाही.

बाकावर नेहमीच्या बाई होत्या. प्रत्येक तारखेला यायच्या, मांडीवर पर्स ठेवून ताठ बसायच्या आणि शेवटच्या नावानंतर उठून जायच्या. पंख्याखाली बसायला येत असाव्यात, असं भोंग्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

यादीतलं शेवटचं नाव सिग्नल तोडलेल्या एका स्कूटरवाल्याचं होतं. त्याने ते तीनदा पुकारलं आणि तो आत वळला.

"आज घाई केलीत."

भोंगा थांबला. बाई त्याच्याकडेच पाहत होत्या.

"वडिलांचं नाव गिळलंत. एरवी नीट घेता."

"तुम्ही कोण त्यांच्या, मावशी?"

"बायको."

"मग पाठवा की त्यांना! सिग्नल तोडलाय, खून नाही केला. दोन मिनिटांचं काम."

बाईंनी पर्सचं बटण उघडलं, लावलं.

"पाठवण्यासारखे असते, तर सिग्नल तोडल्याबद्दल आधी मीच झापलं असतं. वर्ष होऊन गेलं त्यांना जाऊन."

भोंग्याचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "मग आत सांगायचं ना. आरोपी मयत म्हटलं, की त्याच दिवशी फाईल बंद."

"म्हणून तर सांगितलं नाही."

कोणी कळवत नाही तोवर कायद्याच्या लेखी माणूस जिवंत असतो. बँकेने, वीजवाल्यांनी, शेजाऱ्यांनी त्यांच्या जाण्याची केव्हाच नोंद घेतली होती. जिथे त्यांची अजून वाट पाहिली जात होती, अशी गावात ही एवढीच जागा होती.

"घरात मी 'अहो' म्हणायचे," बाई म्हणाल्या. "नावाने हाक मारायचे ते थोरले दीर. तेही नाहीत आता. मुलगा फोनवर 'बाबा' म्हणतो, तेही मी रडेन म्हणून जपून. पूर्ण नाव इथेच ऐकायला मिळतं."

आतून कारकून ओरडला, "भोंग्या! त्या स्कूटरवाल्याचं काय करू? आता पुढची तारीख नाही, गैरहजर टाकलं तर संगणकातून वॉरंट आपोआप निघतं हां. नंतर माझ्या नावाने बोंबलू नकोस."

"वॉरंट म्हणजे पोलीस घरी येणार?" बाईंनी विचारलं.

"येणार."

"येऊ देत. चहा टाकीन. यांची चौकशी करत दारात कोणी आलं, असं किती दिवसांत झालं नाही."

हे त्या इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या, की भोंगा हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"ते चौकशीला येत नाहीत, मावशी. उचलायला येतात. खालपासून वरपर्यंत दारं वाजवतील. मग सगळे शेजारी दारात उभे, आणि तुम्हाला तिथे सांगावं लागेल. इथे निदान कोणी नाही."

बाईंनी वर पाहिलं. पंखा कुरकुरत फिरत होता.

"पुन्हा पुकारता येतं?"

"तीनच असतात." त्याने एकदा आत पाहिलं, एकदा बाहेर. "पण मघाचे धरायचे नाहीत. वडिलांचं नाव गिळलं होतं ना."

तो दारापासून दोन पावलं पुढे येऊन उभा राहिला. पहिला पुकारा कोर्टाचा होता. दुसऱ्यात प्रत्येक अक्षर सुटं होतं, वडिलांचंही. तिसऱ्यांदा त्याने नाव असं घेतलं, जशी रस्त्यावर स्कूटर चालू ठेवून दोस्ताने वरच्या मजल्यावर हाक मारावी. आत न्यायाधीशबाईंनी मान वर केली.

"नाहीत," बाई बाकावरूनच म्हणाल्या. मग उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि कोणी विचारायच्या आधी आत सांगितलं, "ते नाहीत आता."

पर्समधला दाखला त्यांनी पुढे केला. कारकुनाने पडद्यावर खाली, अगदी खाली जाऊन हवा तो शब्द शोधला आणि बोट टेकवलं.

"निकाली," तो म्हणाला. खरोखरच वेळ लागला नाही.

बाई बाहेर आल्या, पण जिन्याकडे गेल्या नाहीत.

"तुम्हाला आत भोंगा म्हणतात. खरं नाव काय तुमचं?"

हे त्याला कोणी विचारल्याला बरीच वर्षं लोटली होती. त्याने सांगितलं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. ते सवयीने कोर्टाच्या आवाजातच बाहेर पडलं, जिन्यापर्यंत गेलं, टाकीवर आदळलं आणि परत आलं.

"एवढ्या मोठ्याने कशाला?" बाई म्हणाल्या. "मी इथेच आहे."

तो हळू सांगायला गेला, तर आधी घसा खाकरावा लागला.