न मारण्याची यादी

जुन्या टायरांवर नवं रबर चढवणाऱ्या त्या कारखान्यात संगणक एकच होता आणि त्याच्यावर सगळ्यांचा संसार. त्याची देखभाल करणाऱ्याला मास्तर म्हणत. शिकवलं त्याने कधी कुणाला नव्हतं. चुका मात्र तोंडावर काढायचा, म्हणून हे नाव चिकटलं.

संगणकाची एक रीत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढची मारामारी कळायची नाही. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला मेमरी लागते, म्हणजे बसायला जागा. जागा कमी पडू लागली की यंत्रणा आधी अडगळ फेकते, मग सध्या नको असलेलं सामान डिस्कवर नेऊन टाकते. तेवढ्यानेही भागलं नाही, तर ती सुरा काढते. जो सर्वांत ऐसपैस पसरलाय त्याला हेरते आणि जागच्या जागी मारते. आधी सांगणं नाही, हातातलं काम उरकायची सवड नाही. एकाला मारून बाकीच्यांना जगवायचं, इतकं सरळ. क्रूर खरं, पण त्यात आपलं-परकं नाही.

आपलं-परकं माणसांनी आणलं. 'याला मारू नकोस' अशी एक यादी करता येते. मालकांनी कॅमेऱ्यांचं चित्रण त्या यादीत घालायला लावलं. ते कळल्यावर गोदामवाला आला, त्याच्या मागोमाग हजेरीवाल्या बाई आल्या. शेवटी मास्तरच्या बहिणीचा नवराही आला. भावजी कुकरवर होते. कुकर म्हणजे खोलीएवढी लोखंडी टाकी. टायर आत ढकलायचे, चाक फिरवून दार आवळायचं आणि वाफेच्या दाबाखाली रबर शिजवायचं.

"माझा तापमानाचा आलेख दोनदा अर्धवट राहिला," भावजी म्हणाले. "शिव्या मी खातो. सख्खा मेहुणा असून तुझा उपयोग काय?"

मास्तरने त्यांचाही प्रोग्राम यादीत घातला. घरच्या माणसाला नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

राहिला दिव्याचा प्रोग्राम. दाब असताना कुकरचं दार उघडू न देणारी खिट्टी झिजून निकामी झाली, तेव्हा मास्तरने तो स्वतः लिहिला होता. टाकीत दाब असेपर्यंत दारावरचा लाल दिवा पेटता ठेवायचा, एवढंच त्याचं काम. दिवा विझला की दार उघडायचं. दाब दाखवणारा काटा होता, पण त्याची काच काळवंडलेली, त्यामुळे तिकडे कुणी ढुंकून बघत नसे. प्रोग्राम इतका चिमुकला होता की यंत्रणा त्याच्या वाटेला जाणारच नाही, असं मास्तर धरून चालला होता. त्याच्यासाठी शब्द टाकायला कुणी आलं नव्हतं आणि स्वतःच स्वतःचा वशिला लावायची मास्तरला लाज वाटली. नको तिथे लाजणारी अशी माणसं फार महागात पडतात.

त्या दिवशी सकाळी सहा नवे कॅमेरे जोडले. साडेअकराला संगणक असा रखडला की दाबलेलं अक्षर पडद्यावर यायला मिनिट लागू लागलं. मास्तरने कशाबशा नोंदी उघडल्या. यंत्रणेने एकेकाला हेरलं होतं आणि यादी बघून सोडून दिलं होतं. मग यादीत नसलेला जो हाती लागला, त्याला तिने मारलं. शेवटच्या ओळीत त्याचं नाव होतं: दिव्याचा प्रोग्राम. तीन मिनिटांपूर्वी.

प्रोग्राम मेला की दिवा विझतो. आणि दिवा विझला म्हणजे दार उघडायचं. मेलेला प्रोग्राम आणि रिकामी टाकी बाहेरून सारखीच दिसते, हे लिहिताना त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मास्तर जिने उतरला तो चार-चार पायऱ्या गाळत. कुकरच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर धडाडत होता. भावजी कानांत बोळे घालून, दाराकडे तोंड करून, चाक फिरवत होते. अर्धं फिरवून झालं होतं. मास्तर बेंबीच्या देठापासून ओरडला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला नाही.

पळता पळता त्याने बाकावरचा पान्हा उचलला आणि भावजींच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं त्याच्या मुठीला कळलं. भावजी गर्रकन वळले. वेदनेआधी त्यांच्या तोंडावर नवल होतं आणि नवलामागून संताप. दारातून वाफेची धार शिट्टी मारत निघाली होती. तिच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. समजावायला वेळ नव्हता आणि ऐकायला कान नव्हते. मास्तर त्यांच्या तोंडावर थुंकला.

एवढं पुरलं. भावजी एका हाताने त्याच्यावर तुटून पडले. पहिल्या ठोशात मास्तरचे पुढचे दोन दात गेले. तो मागे सरकत राहिला, पडत राहिला, उठून पुन्हा थुंकत राहिला. भावजी मागे येत राहिले. कॉम्प्रेसरच्या भिंतीआड त्यांनी त्याला खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि गळा आवळला. मास्तरला जन्मात इतकं बरं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दार गेलं. दोन माणसांच्या वजनाचं लोखंड समोरची भिंत फोडून पलीकडे पडलं. मागोमाग टायर उडाले आणि पत्रे फाटले. चाकाशी ठेवलेल्या स्टुलाचा तुकडासुद्धा मिळाला नाही.

संध्याकाळी दवाखान्यात भावजींचा हात प्लास्टरमध्ये होता. मास्तरचं तोंड सुजून भोपळा झालं होतं. दोघांच्या मध्ये ताई बसली होती. मास्तरने पडक्या दातांतून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"माझा तो आलेख," भावजी हळूच म्हणाले, "मी म्हटलं म्हणून वाचवलास?"

"हो."

"आणि मला वाचवणारं मारू दिलंस."

"हो, भावजी."

भावजींनी त्याला जवळ बोलावलं. तो वाकला, तशी त्यांनी डाव्या हाताने त्याच्या सुजल्या गालावर सणसणीत ठेवून दिली.

"सकाळचं न कळता मारलं होतं," ते म्हणाले. "हे कळून."

ताईने मध्ये हात घातला नाही.