मला शेंदूर नको

मी वीरगळ बोलतोय. चाकूरजवळच्या एका गावात, महादेवाच्या आवारात आठशे वर्षं उभा आहे. वाकलो नाही.

मी देव नाही, हे आधीच सांगतो. चोरांनी गावच्या गाई वळवल्या, तेव्हा एक गडी एकटा आडवा गेला आणि मेला. गावानं त्याच्यासाठी मला घडवलं. खाली गाई आणि पडलेला तो, मधे लढाई, वर चंद्र-सूर्य. नाव कोरलं नाही. तेव्हा ते सगळ्यांना पाठ होतं.

पुढे लोक विसरले. माझ्यावर विळे घासले, मला बैल बांधले. सोसलं.

बहात्तरचा दुष्काळ पडला. अख्खं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. दगड पुरेना. मुकादम किशनराव आवारात आला, माझ्याभोवती फिरला. मग बाहेर खडी फोडणाऱ्या एका बाईला त्यानं आत बोलावलं.

"ह्याला शेंदूर न्हाई. म्हंजे देव न्हाई. नागुबाई, तुझा ढीग कमी हाय. फोड ह्याला."

नागुबाई बौद्ध वस्तीतली. संध्याकाळच्या मापाला ढीग भरला नाही, तर उद्यापासून काम बंद. तिनं हातोडा उचललाही. मग तिची नजर माझ्या पायथ्याशी गेली आणि ती खाली बसली.

"दादा, ह्यो तर माणूस हाय. गाई राखता राखता पडलाय."

बाहेर तिच्या शेजारी खडी फोडणारी सरजाबाई मागोमाग आत आली. पाटलाच्या भावकीतली; दुष्काळानं तिलाही कामावर आणलं होतं. "थांब, शेंदूर आणते. एकदा फासला की कुणाची छाती हाय हात लावायची?"

"नगं, बाई. त्याचं तोंड बुजंल."

किशनराव हसला. "देव सोडले अन् दगड धरलास व्हय गं?"

"देव असता तर तुम्हीच राखला असता. माणूस हाय, म्हणून मी बसले."

मापाची वेळ टळली, तरी ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीत तिचं नाव नव्हतं. किशनरावनं एकेका बाईला माझ्याकडे पाठवून पाहिलं. एकीनंही हातोडा उचलला नाही.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. मोठे साहेब येणार म्हणून कुणीतरी मला शेंदूर फासलाच. नागुबाई राख आणि काथ्या घेऊन आली. तू आवारात कशी, असं कुणी विचारलं नाही. ती घासत होती, सरजाबाई पाणी ओतत होती.

तेव्हा हात जोडू नका. नवस बोलू नका. खाली बसा आणि त्या पडलेल्या गड्याकडे नीट बघा. तेवढंही जमत नसेल, तर आपल्या वाटेनं जा. मी हलणार नाही.