मागच्या खोलीतली पाहुणी

गुरुवार उजाडला की मागची खोली आपोआप तापायला लागायची.

भुताटकी काही नव्हती त्यात. धाकटीनं ती खोली दोन साइटवर लावली होती, चार-दोन दिवस राहणाऱ्या पाहुण्यांसाठी. दोन्हींची कॅलेंडरं एका ॲपला जोडलेली. बुकिंग असलं की ॲपच हीटर लावणार, दिवा लावणार आणि पाहुणा जायच्या दिवशी सफाईवाल्या मावशींना निरोप धाडणार. आई आजारी पडली तेव्हा दादाच्या गावाहून दर गुरुवारी उपचाराला यायची, शनिवारी परत जायची. तेवढे दिवस खोली दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून धाकटीनं बुकिंग टाकलं होतं.

पाहुणी: आई.
दर आठवड्याला.
शेवटची तारीख:

तिथं काय लिहिणार? तिनं ती जागा रिकामी सोडली.

आई गेली. बुकिंग राहिलं.

धाकटीनं ते काढलं. संध्याकाळी ॲप उघडलं.

मागची खोली भरलेली आहे. पाहुणी: आई.

पुन्हा काढलं.

मागची खोली भरलेली आहे. पाहुणी:

प्रत्येक आठवडा असा मधोमध चिरलेला. सलग राहायला येणारे बघायचे आणि पुढच्या घराकडे वळायचे. घर दोघा भावंडांच्या नावावर, राहायची एकटी धाकटी. दादानं एकदाच सांगितलं होतं, "हंगामाच्या आत खोली चालली तर घर ठेवू. नाहीतर मी दलालाला बोलावतो. मला इकडून दोन घरांचं बघणं झेपत नाही."

तिनं ॲपच्या मदतीच्या खिडकीत लिहिलं.

— माझ्या खोलीत कुणी राहत नाही.

— समजलं. आमच्या नोंदीनुसार पाहुणी आत आहे.

— ती वारली.

— ऐकून वाईट वाटलं. पाहुणीनं खोली लवकर सोडली असल्यास तिला स्वतः तसं कळवायला सांगा.

शनिवारी मावशी बादली आपटत आल्या. "कोरी चादर काढायची, कोरी चादर घालायची. तुमच्या त्या यंत्राला जनाची नाही नि मनाचीही नाही."

"नका ना येऊ मावशी."

"निरोप येतो ना! नाही आले तर ॲप रेटिंगचे तारे कापतं माझे." उशीचा अभ्रा ओढता ओढता त्या सहज म्हणाल्या, "उशी तेवढी दर खेपेला दबलेली असते हं."

धाकटी शुक्रवारी तिथं घटकाभर आडवी व्हायची, खोली ऊबदार असायची म्हणून. पण उशी घ्यायची तिला सवयच नव्हती.

पुढच्या गुरुवारी दुपारी ती जोडण्या तपासत बसली.

आणि सापडलं. आईची खाट चुकून परक्याला जाईल या धास्तीनं तिनं तेव्हा गाठ दुहेरी मारली होती. पहिलं कॅलेंडर दुसऱ्याची नक्कल घेई, दुसरं पहिल्याची. इथून आईला काढलं की तिथलं म्हणे, अगं, ही राहिली. तिथून काढलं की इथलं म्हणे. दोन्हीकडून एकाच क्षणी काढलं तरच ती जाणार होती. पहिली साइट धाकटीच्या फोनवर, दुसरी, घर दोघांचं म्हणून, दादाच्या.

दिवेलागणीला तिनं फोन लावला.

"उघडलंस?"

"उघडलं. तीन म्हटलं की दाबायचं. तीनवर की तीननंतर?"

"तीनवर."

"लहानपणी तू दोनलाच पळायचीस."

"दादा, मोज."

"एक. दोन." मग, "अगं, आज गुरुवार."

"हो."

"म्हणजे हीटर चालू असेल."

"आहे."

"शनिवारपर्यंत थांबायचं का?"

घर विकायला निघालेला माणूस. धाकटीला हसू आलं. "शनिवारी पुढच्या गुरुवारपर्यंत थांबावंसं वाटेल. मोज."

तीन.

मागची खोली रिकामी आहे.

भिंतीपलीकडे हीटर टक् करून बंद झाला. दाराखालची उजेडाची रेघ पुसली गेली. दोघं वाट बघत राहिली. ॲपनं शब्द फिरवला नाही.

"झालं," धाकटी म्हणाली.

दादा फोन ठेवेना. "दार वाजलं का गं?"

"कुठलं?"

"मागचं. बाहेर पडताना घासतं ना ते."

"नाही वाजलं."

"मग?"

हातातला फोन थरथरला. नवं बुकिंग. एक पाहुणा, उद्यापासून सलग दहा दिवस. स्वीकारायचं? तिनं दादाला वाचून दाखवलं.

"घे," तो म्हणाला.

तिनं घेतलं आणि फोन पालथा ठेवला.

मागच्या खोलीत ती दिवा न लावता उभी राहिली. तापलेल्या भिंती निवायला लागल्या होत्या.

"आई," ती खाटेच्या दिशेनं म्हणाली, "उद्या इथं माणूस येणार आहे. तू पुढच्या खोलीत चल, माझ्याजवळ झोप."

मग तिनं दार पूर्ण उघडलं आणि हातानं धरून ठेवलं. आई सावकाश चालायची. हात अवघडला तरी तिनं सोडलं नाही.