भुंग्या सापडतो ती गोष्ट

"आजी, मी मुलगा नाहीये! सोडा ना मला!"

शाळेच्या फाटकापाशी बॉबकट केलेली एक सहा-सात वर्षांची मुलगी रडकुंडीला आली होती. एका म्हातारीने तिचं मनगट धरून ठेवलं होतं, ते असं की बोटं पांढरी पडली होती. शाळेचा चौकीदार हात जोडत होता, बाई दटावत होत्या, म्हातारी ढिम्म हलत नव्हती. लेखिका धापा टाकत गर्दीतून आत घुसली.

"आई! अगं, काय करतेयस? सोड तिला."

"का सोडू? एवढ्या वर्षांनी सापडलाय भुंग्या."

बाईंनी लेखिकेकडे निरखून पाहिलं. "अय्या, तुम्ही! आमच्या मुलांना तुमची सगळी पुस्तकं पाठ आहेत हो."

लेखिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भुंग्या तिचा धाकटा भाऊ. दिवसभर नाकातल्या नाकात गुणगुणायचा, म्हणून हे नाव. ती आठ वर्षांची होती आणि तो पाच. आईने दोघांना बाजारातून साबण आणायला धाडलं होतं. तो परत आलाच नाही. पोलीस झाले, विहिरी झाल्या, वर्तमानपत्रात फोटो झाला. वडील खंगत गेले आणि एक दिवस तेही गेले. "गर्दीत हात सुटला," हे एकच वाक्य ती सगळ्यांना सांगत राहिली.

तिशीत तिने पहिलं पुस्तक लिहिलं. त्यात भुंग्या बाजारात हरवतो, पण ताई त्याचा हात धरूनच हरवते आणि दिवेलागणीला दोघं घरी येतात. मुलांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं. मग भुंग्याची आणखी बावीस पुस्तकं झाली. तो पुस्तकात पाच वर्षांचाच राहिला. "तुमचे शेवट इतके गोड कसे असतात?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मुलांना धीर द्यायला नको का?" खरं म्हणजे धीर कुणाला हवा होता, हे तिला ठाऊक होतं. दुसरा शेवट लिहायला बसली की ती कागद फाडून टाकायची.

गेल्या दोन वर्षांत आईची आठवण विरत चालली होती. जावई कोण, नवरा कधी गेला, जेवण झालं की नाही, सगळं पुसलं गेलं. उरलं ते नेमकं पुस्तक. रोज संध्याकाळी ती विचारायची, "आला का गं भुंग्या?"

"आला. जेवून झोपलाय."

गोष्टी रचणं हे लेखिकेचं कामच. त्यात ही एक आणखी, असं ती स्वतःला समजावत आली होती. आज दुपारी तिचा जरा डोळा लागला आणि दाराला कडी घालायची राहिली.

"आई, तो भुंग्या नाही."

"तूच लिहिलंयस ना, सापडला म्हणून? छापून आलंय."

मुलगी आता हुंदके देत होती. तिच्या मनगटावर लाल वळ उठले होते. मुलीची आई रस्त्याच्या पलीकडून धावत येताना दिसली. लेखिका काहीतरी युक्ती शोधू लागली. तीस वर्षं मुलांना हसवणाऱ्या, फसवणाऱ्या, समजावणाऱ्या त्या डोक्याला एकही वाक्य सुचेना.

ती आईसमोर जमिनीवर बसली.

"आई, ऐक. तो नाही सापडला. ते मी खोटं लिहिलं. आणि हात सुटला नव्हता गं. मी सोडला. सारखा गुणगुणत होता, उचलून घे म्हणत होता. मी हिसडा दिला. म्हटलं, जा जिकडे जायचं तिकडे. आणि मागे वळून बघितलंच नाही."

बावन्न वर्षं जे कुणाला, अगदी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते चौकीदार, बाई आणि पन्नासेक पोरांसमोर बाहेर पडलं.

आईची बोटं सैल झाली. मुलगी सुटली, ती थेट तिच्या आईच्या कुशीत शिरली.

"ठाऊक आहे मला," म्हातारी म्हणाली. आवाज अगदी पूर्वीचा, स्वयंपाकघरातून हाक मारायची तसा. "तुझं पुस्तक वाचलं तेव्हाच कळलं. त्यातली ताई एकदाही हात सोडत नाही. जेवतानासुद्धा नाही. कोण जेवतं गं तसं?"

लेखिकेने तिचे गुडघे धरले. "मग बोलली का नाहीस? आई? इतकी वर्षं का नाही बोललीस?"

म्हातारी बोलायला गेली. ओठ हलले. मग तिची नजर लेखिकेवरून घसरली, बाईंवरून फिरली आणि फाटकाच्या आत, रिकाम्या होत चाललेल्या मैदानावर जाऊन थांबली.

"आई, सांग ना."

"तुम्ही पण मुलाला न्यायला आलात का?" तिने लेखिकेला अदबीने विचारलं.

हळूहळू पालक पांगले. बाईही निघून गेल्या. चौकीदाराने फाटकाचं एक दार ओढून घेतलं आणि दुसऱ्यावर हात ठेवून तो घुटमळला. "ताई, रिक्षा बोलावू का?"

लेखिका उठली. आईच्या दंडाला धरून म्हणाली, "चल, घरी जाऊ."

"थांबा हो जरा," म्हातारी म्हणाली. "शेवटचा वर्ग अजून सुटायचाय."

सगळे वर्ग सुटले होते. लेखिकेने एकवार तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग पदर सावरून ती तिच्या शेजारी, फाटकाकडे तोंड करून उभी राहिली.