रुमालाखालचा सौदा

नामाचं कुठंतरी जुळलंय, याची गणूला पक्की खात्री झाली होती.

बाईबिई असती तर गणूला काही वाटलं नसतं. उलट त्यानं गावभर पेढे वाटले असते, आणि पेढे कशाचे ते नाक्यावर उभं राहून सांगितलंही असतं. पण हे प्रकरण वेगळं होतं. दर गुरुवारी जेवण उरकलं की नामा धुतलेला शर्ट घालायचा, केसांना तेल चोपडायचा आणि धसईला जाणाऱ्या टमटममध्ये बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "काम हाय."

"कसलं काम?"

"हाय जरा."

आता नामाला गणूपासून लपवण्यासारखं काम असूच कसं शकतं? गणूकडं एक बैल होता, चांद्या. नामाकडं एक बैल होता, मोऱ्या. नांगर गणूचा, जू नामाचं. दोघांचं मिळून एक औत व्हायचं, आणि दोघांची भातखाचरं त्यावरच नांगरली जायची. त्या इवल्याशा खाचरांत ट्रॅक्टर उतरतच नव्हता. उतरला असता तरी या दोघांनी उतरू दिला नसता.

आणि नांगराचं सोडा. गणूच्या थापांचं काय? मुरबाडच्या स्टँडवर भरलेल्या एसटीत चढून "ही गाडी म्हशाला जानार नाय, ती पलीकडची जानार" अशी आवई उठवून अर्धी गाडी रिकामी करणारा आणि मग खिडकीपाशी ऐसपैस बसणारा माणूस तो. पण गणूच्या तोंडावर कोणाचा विश्वास? लोक आधी नामाकडं बघायचे. नामा गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायचा आणि मगच लोक उतरायचे. नामा नसला तर गणूची थाप म्हणजे न पेटलेला फटाका.

भाताची झोडणी संपली, म्हशाची बैलबाजाराची जत्रा तोंडावर आली, तरी नामाचे गुरुवार काही थांबेनात. एका गुरुवारी गणूनं शेजारच्याची मोटरसायकल मागून घेतली आणि टमटमच्या मागं सोडली.

नामा धसईच्या बाजारात उतरला. बाजारात थांबला नाही, सरळ सरकारी दवाखान्याच्या आवारात शिरला. गणूनं गाडी फाटकापाशी लावली. आजारी हाय का काय? पण नामा केसपेपरच्या खिडकीकडं गेलाच नाही. तो बाजूच्या खोलीत गेला. गणू भिंतीला धरून मागच्या खिडकीशी पोचला आणि त्यानं हळूच डोकं वर काढलं.

आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. सात-आठ माणसं बसलेली. मधोमध एक तरुण सिस्टर. आणि नामाच्या बाजूला कोण? किशोर! शहापूरकडचा, धसईला घरजावई होऊन राहिलेला, बैलांचा दलाल किशोर! त्यानं आपला लाल रुमाल पसरला होता, आणि त्या रुमालाखाली नामाचा हात आणि त्याचा हात.

हे बघून दुसरा कोणी काय समजला असता ते समजला असता. पण गणूचा जन्म म्हशाच्या जत्रेत गेलेला. तिथं बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. दलाल रुमाल पसरतो, त्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. भोवती कितीही गर्दी असो, कोणाला पत्ता लागत नाही. झालेला सौदा बाहेर सांगायचा नाही, ही त्यातली रीत.

म्हणजे नामा मोऱ्या विकत होता. गणूच्या नजरेला पडू नये म्हणून दवाखान्यात येऊन विकत होता.

त्यात आणखी वाईट म्हणजे नामाच्या डोळ्यांत पाणी होतं. किशोर दुसऱ्या हातानं त्याची पाठ थोपटत होता. नामाची पाठ! ती पाठ थोपटायची झाली तर गणूनं थोपटायची. निदान गुद्दा तरी घालायचा.

'रडतोय, तरी इकतोय,' गणू मनात म्हणाला, आणि त्याच्या छातीत जे पेटलं ते मोटरसायकलवरच्या गार वाऱ्यानंसुद्धा विझलं नाही.

घरी प्रेमानं, त्याच्या बायकोनं, ताट वाढलं. त्यानं ते सरकवलं.

"काय झालं?"

"त्या किशोरमधी काय हाय गो असं? मिशी तर अशी, जशी उंदरानं कुरतडलेली."

"कोन किशोर?"

"हाय एक घरजावई. नाम्या त्याच्या हातात हात घालून बसतो."

प्रेमानं त्याच्याकडं नीट बघितलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अवो, मी कोनाबरं पळून गेली असती ना, तरी तुमी येवढं जळला नसतात."

"तू गेलीस तर मला दुसरी मिळंल. नाम्या गेला तर नांगराला कोन?"

"मंग जावा ना, ईचारा त्याला तोंडावर."

पण तोंडावर विचारेल तो गणू कसला? दोन दिवसांनी तो धसईला सकुबाईच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. किशोर तिथं रोज येतो हे त्यानं शोधून ठेवलं होतं. किशोर आला, बशीत चहा ओतला, आणि गणूनं सकुबाईला मोठ्यानं सांगायला सुरुवात केली.

"सकुबाय, आमच्या नाम्याचा मोऱ्या बघितलायस ना? दिसाया राजा, पन बसका. औताला लावला का भर चिखलात बसतो, तो दुसऱ्या दिवशीच उठतो. मागल्या सालाला तर त्याला तिथंच चारा नेऊन घातला."

किशोरनं बशी खाली ठेवली. "मला कशाला ऐकवतोस?"

"तुला कुठं? मी सकुबायला सांगतोय."

"सकुबाय काय नांगर धरते का?"

"धरंल येखाद वेळंस. तुला काय करायचंय? तुझ्या सासऱ्याला ईचारून चहा पितोस ना? पी."

सकुबाई फिसकन हसली. किशोर मात्र हसला नाही. तो गणूकडं असा बघत राहिला जसं जनावर आजारी आहे का नुसतं रुसलंय हे ठरवताना बघतात. गणूला ते अजिबात आवडलं नाही. पण घरी येताना तो खुशीत होता. बसक्या बैलाला कोण हात लावतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी नामा गोठ्याशी येऊन उभा राहिला.

"माझ्या बैलाला बसका बोललास?"

गणूनं शेणाची पाटी खाली ठेवली. "कोनी सांगितलं?"

"जत्रा तोंडावर आली. पुऱ्या धसईत झालंय. माझा बैल आजपोत कंधी बसलाय? सांग ना!"

"ईचार त्या घरजावयाला. तुमचं चालतंय ना गुरुवार गुरुवार."

नामाचा चेहरा उतरला. "तू माझ्या मागं आलास?"

"आलो! काय हाय रे त्याच्यात, जे माझ्यात नाय?"

नामा म्हणाला, "त्याच्याशी बोलता येतं, गण्या. तुझ्याशी नाय येत."

एवढं बोलून त्यानं भिंतीला टेकवलेलं जू खांद्यावर घेतलं आणि तो निघून गेला. नांगर तिथंच राहिला. बिनजुवाचा नांगर म्हणजे काय? चुलीत घालायचं लाकूड.

ते चार-पाच दिवस गणूनं कसे काढले ते प्रेमालाच ठाऊक. रात्री तो कूस बदलत राहायचा. जेवताना घास फिरायचा. नाक्यावर बसून एकदा थाप मारायला गेला, तर सगळ्यांनी सवयीनं बाजूच्या मोकळ्या जागेकडं बघितलं. कोणी फसलं नाही. डोळे मिटले की लाल रुमाल दिसायचा. काय बोलत असतील दोघं? नामा त्याला तो वाघाचा किस्सा सांगत असेल का? तो किस्सा तर आपला दोघांचा!

गुरुवार उजाडला. गणूनं ठरवलं, सौदा मोडायचा. आणि दलालाचा सौदा मोडायचा एकच रस्ता असतो. त्याच्यावर चढा भाव द्यायचा. पैसे कुठून आणायचे हे नंतर बघू.

तो दवाखान्याच्या त्या खोलीत घुसला तेव्हा खुर्च्या तशाच गोल होत्या, आणि रुमालाखाली हात तसेच होते. एका खुर्चीत सकुबाई बसली होती.

"सकुबाय, तूपन बैल घ्याया आलीस?"

"कसला बैल रे मेल्या?"

गणू थांबलाच नाही. तो सरळ किशोरसमोर गेला, त्याचा हात रुमालाखालून उपटून बाहेर काढला आणि तिथं आपला घातला. नामाची बोटं सापडली. गारठलेली, खरखरीत, ओळखीची. गणूनं ती पाचही बोटं गच्च दाबली. सोडली. परत पाचही दाबली.

"घे! पाच आन वर पाच!" तो ओरडला. "याच्यावर कोन देतो बघू!"

सकुबाईनं तोंडावर हात ठेवला. किशोरनं टोपी काढली. ती तरुण सिस्टर उठली, एक खुर्ची ओढून गणूच्या मागं ठेवली आणि इतक्या मायेनं बोलली की गणू गोंधळूनच गेला.

"काका, बसा. खूप जड झालंय का?"

"जड? जड नाय होनार?"

"कधीपासून?"

"हे गुरुवारी गुरुवारी हितं याया लागलं, तवापासनं!"

"झोप लागते?"

"कशी लागंल?"

"जेवण?"

"घास नाय उतरत. आन हितं," गणूनं छाती दाखवली, "नुसतं जळतंय. ह्या घरजावयाचं तोंड बघितलं का जास्तच जळतंय."

सिस्टरनं, तिचं नाव दर्शना, त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, आणि कपाळाला आठी घातली. "बीपी चांगलंच वाढलंय, काका. आज बरं झालं आलात. उद्या सकाळी परत या, डॉक्टरांना दाखवू."

"ते ऱ्हाऊ दे गो बाय. आधी ह्याला ईचार, मोऱ्याला भाव काय लावला?"

"कोण मोऱ्या?"

आता पहिल्यांदा नामा हलला. त्यानं गणूकडं बघितलं, किशोरकडं बघितलं, रुमालाकडं बघितलं. आणि त्याच्या पोटातून जे हसू फुटलं ते थांबेचना. तो खुर्चीत वाकडा झाला. "सिस्टर," तो हसत हसत म्हणाला, "ह्याला वाटलं... ह्याला वाटलं मी बैल इकतोय!"

सगळी खोली हसली. मग दर्शनानं डोळे पुसत पुसत सांगितलं. इथं गुरुवारी माणसं मनातलं बोलायला येतात. पण गावची माणसं, तोंडानं सांगायला लाजतात. चार आठवडे कोणी तोंडच उघडेना. शेवटी किशोरकाकांनी आपला रुमाल पसरला आणि म्हणाले, तोंडानं नाय ना सांगता येत, बोटानं सांगा. एक बोट म्हणजे आज हलकं आहे. पाच म्हणजे उचलवत नाही.

"आन तू दहा दाबलीस," किशोर म्हणाला. "येवढा भाव अजूनपोत कोनी दिला नाय."

गणूनं लाल रुमाल उचलला, झटकला आणि आपल्या हातानं किशोरला परत दिला. आयुष्यात असं फार वेळा झालं नव्हतं.

परतीच्या टमटमची वाट बघत दोघं बाजारातल्या कट्ट्यावर बसले.

"तुला काय झालंय?" गणूनं विचारलं.

"काय नाय झालं. तेच तर. पोरं बरी हायत, बायको बरी हाय, भात पिकलं. तरी पहाटंला छातीवर कोनी बसल्यावानी व्हतं. वाटतं, आता उठूच नये."

"मंग मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं. मागल्या जत्रंत. तू काय केलंस? पाळन्यापाशी हुबा ऱ्हाऊन बोंब मारलीस, नाम्याला झोप येत नाय, कोनाला राखनदार पायजे का! तीन मानसं ईचाराया आली मला."

गणूला ते आठवलं. त्या वेळी किती हसले होते सगळे. नामाही हसला होता. निदान गणूला तसं वाटलं होतं.

समोर एक भाजीवाली जुड्या बांधत बसली होती. गणूनं खांद्यावरचा आपला टॉवेल काढला. मळका होता, कडेला फाटलेला होता, किशोरच्या लाल रुमालापुढं अगदीच गरीब दिसत होता. त्यानं तो दोघांच्या मांड्यांवर पसरला आणि हात खाली घातला.

"बोल. आज किती?"

"हितं? बाजारात?"

"मंग जत्रंत काय देवळात बसून भाव लावतात?"

नामानं इकडंतिकडं बघितलं. मग हात खाली घातला. टॉवेल जरासा हलला. भाजीवालीनं मान वर करून विचारलं, "काय रे, बैल इकला का काय?"

"अजून नाय," गणू म्हणाला. नामानं गंभीर चेहऱ्यानं मान डोलवली, आणि भाजीवालीचा लगेच विश्वास बसला.

संध्याकाळी जू परत गोठ्याच्या भिंतीला टेकलेलं प्रेमानं बघितलं. बीपीचं आणि बोटांचं सगळं ऐकून तिनं रात्री मीठ न घातलेली भाजी वाढली आणि विचारलं, "मंग? नामाभावजी काय बोलले? किती जड हाय त्यांना?"

गावातली कुठलीही गोष्ट पोटात न ठेवू शकणाऱ्या त्या माणसानं ती अळणी भाजी मुकाट्यानं गिळली.

"सौदा हाय तो," गणू म्हणाला. "भायेर सांगत नाय." थोड्या वेळानं, तोंड वाकडं करून त्यानं आणखी एवढंच विचारलं, "तुझ्या पेटीत लाल रुमाल हाय का गो येखादा? त्या घरजावयापेक्षा मोठा पायजे."